कॉलेजचं पाणी

१

सरजाबाईचा थोरला, धम्मपाल, हॉस्टेलवर नाही, संक्रांतीपासूनच नाही, हे आम्हाला कळलं तेव्हा शिवरात्र होऊन गेली होती. मधल्या सगळ्या दिवसांत त्याचा डबा मात्र रोज सकाळच्या एस.टी.नं जात होता आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत येत होता.

ही बातमी तिनंच आणली. मी ओट्यावर सुतळी वळत बसलो होतो. ती बसमधून उतरली ती सरळ माझ्याकडं आली. एका हातात फडक्यात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. तिसरी वस्तू जवळ नव्हती.

"ग्यानोबा भाऊ, माझ्या लेकराचा डबा कोण खाऊन राहिलंय?"

"बस आधी. काय झालं?"

"मुरुडच्या बाजाराला निघाले होते. म्हणलं, वाटंतच बोरखेडचं कॉलेज हाय, आज आपल्या हातानं डबा द्यावा. तर तिथला रेक्टर म्हणला, बाई, तुमचा पोरगा संक्रांत झाल्यापासून हॉस्टेलवर न्हाई. मी तुमच्याकडंच इचारणार होतो, म्हणला."

ती खाली बसली. डबा मांडीवर घेऊन पदराच्या टोकानं त्याची कड पुसत राहिली. पुसून झालेली कड पुन्हा पुसत होती.

मी पोलिसात जमादार होतो. पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली, तरी वस्तीत काही हरवलं की लोक माझ्याकडं येतात. बहुतेक वेळा कोंबडी असते. या वेळी आमच्या वस्तीतला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलेला पहिला पोरगा हरवला होता.

आणि ते कॉलेज सरजाबाईचं होतं असं म्हटलं तरी चालेल. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो, तेव्हा बोरखेडच्या लोकांनी कॉलेज काढायचं मनावर घेतलं. पैसा कुणाकडंच नव्हता. जमीनवाल्यांनी बैलगाड्या द्यायच्या आणि मजुरांनी इमारतीच्या पायात भरायला एका दिवसाची खडी द्यायची, असं ठरलं. सरजाबाईनं तिच्या वाट्याची खडी फोडली. त्याच दिवशी एक कपची उडाली आणि तिचा उजवा डोळा गेला. पुढं कुणी डोळ्याचं विचारलं की म्हणायची, "तिकडं कॉलेजात बसवलाय. पोरगं शिकाया गेलं की त्याच्यावर नजर ठेवंल."

आता त्या डोळ्याला पोरगा दिसत नव्हता.

२

तिच्या घरी गेलो. नवरा वारलेला, धम्मपालच्या पाठच्या दोन लहान पोरी. वस्तीतले धडधाकट सगळे ऊसतोडीला गेले होते. आमच्या हिंगणवाडीचा हापसा दिवाळीतच कोरडा पडला होता. लातूरचा वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि नवी हद्द आमच्या शिवाराच्या कडेनं गेली होती. टँकर भरायची विहीर जुन्या जिल्ह्यात राहिली, आम्ही नव्यात आलो. माणसं हद्द ओलांडून जात-येत होती. टँकर येत नव्हता.

सरजाबाईनं मला तांब्याभर पाणी दिलं. पाण्याला औषधी पावडरीचा वास होता.

"कॉलेजचं पाणी हाय," धाकटी पोर म्हणाली.

शेजारची कोंडाबाई दारातच उभी होती. "आमच्या वस्तीत पाणीसुद्धा शिकून आलंय, जमादार. लेकराचं पोट दुखलं की सरजी वाटीभर देती. पोट दुखायचं र्‍हातंय, आन् पोरगं गप बसून पाढे म्हणतंय!"

कुणी हसलं नाही, तेव्हा ती आत येऊन सरजाबाईजवळ बसली.

मी खोदून विचारलं. दुष्काळ पडल्यावर हॉस्टेलनं पोरांना सांगितलं होतं, प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणावं. फी माफ होती, पुस्तकं मागून मिळत होती, पण पाणी कोण मागून देणार? म्हणून सरजाबाई डब्याबरोबर भरलेला कॅन पाठवायची. दोन्ही रिकामे परत यायचे. संक्रांतीनंतर मात्र निरोप आला, कॉलेजात नळ आलाय, रिकामा कॅन पाठव, मीच भरून देतो. तेव्हापासून डबा भरलेला जायचा आणि रिकामा यायचा, कॅन रिकामा जायचा आणि भरलेला यायचा.

"निरोप कुणी आणला?"

"कंडक्टरनं. माणिकप्पानं."

"डब्यात काय घालतेस?"

"भाकर, जवसाची चटणी, असली तर डाळ. आन् कांदा. उन्हाचं लेकरू फिरतंय, म्हणून घालते. पर त्यो कांदा तसाच येतो माघारी. कॉलेजात गेल्यापासून खात न्हाई. वर्गात तोंडाला वास येतो म्हणं, पोरी नाकाला रुमाल लावत्यात."

"येकच कांदा आठ-आठ दिवस फिरतोय बसनं," कोंडाबाई म्हणाली. "बिनतिकिटाचा."

"अजून परत येतो?"

"परवासुद्धा आला."

मी सरजाबाईला सांगितलं, उद्याचा डबा नेहमीसारखाच गाडीत दे. कुणाला काही बोलू नको. मी गाडीच्या आधीच दुधाच्या टेम्पोनं बोरखेडला जातो.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यो जिता असंल न्हवं?"

मी होय म्हणालो. पोलिसात असताना हे होय मी पुष्कळांना म्हटलं होतं.

३

रेक्टर शेषेराव सर दाढी करत होते. वाटीत चहाएवढं पाणी होतं.

"जमादार, एवढ्या पोरांत कोण आलं, कोण गेलं, कसं बघू? दुष्काळात निम्मी पोरं येतात-जातात. मला वाटलं, गेला असेल ऊसतोडीला." ब्रश खाली ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "प्राचार्यांनी मात्र सवलत दिलीय. या सोमवारपासून वर्गात बसला तर परीक्षेला बसू देऊ. सोमवारी नाही आला, तर वर्ष गेलं. याच्या पुढं मलासुद्धा काही करता येणार नाही."

"त्याचा डबा कोण खातं?"

"त्याच्या खोलीतला मल्लिकार्जुन बघा. कंधारकडचा आहे. सगळं हॉस्टेल वाळलं, हा तेवढा सुटला."

मल्लिकार्जुन खरंच गुबगुबीत होता. खोलीत दोन वळकट्या होत्या. धम्मपालची पुस्तकं नीट पुसून, दोरीनं बांधून त्याच्याच उशाशी ठेवलेली. माझ्याशी बोलता बोलता त्यानं स्वतःचा डबा उघडला, कांद्यावर बुक्की मारली आणि भाकरीबरोबर कचाकचा खायला लागला.

"घ्या की आजोबा."

"धम्मपाल कुठं आहे?"

"मला काय माहीत?"

"पुस्तकं कुणासाठी पुसतोस?"

त्याचा घास थांबला. "धूळ बसते," एवढंच बोलला.

मी पाणी मागितलं. त्यानं कोपऱ्यातल्या घागरीतून पेला दिला. मचूळ, जिभेवर मीठ ठेवल्यासारखं.

"नळाचं हे?"

"कुठला नळ, आजोबा? बोअरचं हाय. दोघांत एक बादली. चहा टाकला की नासतो."

वास घेऊन पाहिला. पावडरीचा वास नव्हता.

बाहेर आलो तर शेषेराव सर वाट बघत होते. माझ्या कोपराला धरून त्यांनी मला इमारतीच्या मागं नेलं.

"जमादार, एक सांगायचं राहिलं. इथं विहीर आहे. गेल्या साली एक पोरगा…"

विहिरीच्या काठावर मी पोटावर झोपलो आणि आत डोकावलो.

४

तळाला भेगाळलेला गाळ होता, त्यावर एक फुटकी बादली. उडी टाकून मरायलाही त्यात पाणी नव्हतं. मी कपडे झटकले. शेषेराव सर कठड्याला टेकून उभे होते, त्यांच्या गालावर साबण तसाच वाळला होता. ते वाईट माणूस नव्हते.

सकाळची गाडी यायच्या आत स्टँड गाठला. तिथं रत्नम्माचं चहाचं दुकान होतं. देगलूरकडची तेलुगू बाई. तिच्या दारातल्या बाकावर कंडक्टर सगळ्या गावांचे डबे उतरवायचा, पोरं येऊन आपापला उचलायची. गाडी आली. माणिकप्पानं डबे मांडले. प्रत्येकावर रंगानं नाव घातलेलं. मी सगळे पाहिले. धम्मपालचा नव्हता.

"रत्नम्मा, हिंगणवाडीचा डबा कुणी उचलला?"

"कोन उचलते? येतच न्हाई ना. संक्रांतीपासून या बाकावर आला न्हाई. मी म्हनले, पोरानं कॉलेज सोडलं काय की, अय्यो, शाना पोरगा होता. च्या प्यायचा न्हाई, नुसता वास घ्यायचा."

म्हणजे डबा गावातून निघत होता आणि स्टँडवर पोचत नव्हता. वाटेत कुठंतरी उतरत होता.

त्या दिवशी मी परत गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्याच गाडीत बसलो. सरजाबाईनं डबा आणि रिकामा कॅन माणिकप्पाच्या सीटखाली सरकवला. माझ्याकडं पाहिलं नाही.

गाव मागं पडल्यावर माणिकप्पा तिकिटाची पेटी वाजवत आला. "जमादारसाब, बोरखेड?"

"एक खडकी फाटा दे."

त्याचा हात पेटीवरच राहिला. "तिथं काय काम हाय तुमचं?"

"तुझ्या सीटखाली जे आहे त्याचंच."

तो शेजारी टेकला. "मला काय ठावं न्हाई, साब."

"मग मी सांगतो. डबा खाणारा दुसरा कुणी असता तर दुष्काळात कांदा सोडला नसता. कांदा परत येतो, म्हणजे खाणारा धम्मपालच आहे. जिवंत आहे आणि या गाडीच्या वाटेवर आहे. बोरखेडच्या बाकावर डबा येत नाही, म्हणजे त्याच्या अलीकडं आहे. कॅनमधलं पाणी हॉस्टेलचं नाही. हॉस्टेलचं मचूळ आहे आणि याला पावडरीचा वास आहे. पावडर टँकरमध्ये टाकतात. या वाटेवर सरकारी टँकर एकाच ठिकाणी येतो. खडकीच्या तलावाच्या कामावर."

माणिकप्पा खिडकीबाहेर बघत राहिला.

"पोरानं गळ्याची शपथ घातलीय, साब," तो म्हणाला. "मी काय बोललो न्हाई. तुम्हीच बोलला." आणि उठून त्यानं घंटीची दोरी ओढली.

५

खडकी तेवढी जुन्या जिल्ह्यात राहिली होती. फाट्यावर एक बाभळ, तिच्या पलीकडं उघडा माळ आणि माळभर माणसं. हातोडीचे आवाज. डबा आणि कॅन मीच उतरवून बाभळीखाली ठेवले आणि आडोशाला बसलो.

जेवणाच्या सुट्टीला तो आला. डोक्याला टॉवेल, बोटांना चिंध्या बांधलेल्या, भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या. बरोबर दोन बाया होत्या. त्यानं डबा सोडला, भाकरी काढली, कांदा बोटानं बाजूला सारला आणि झाकण लावून टाकलं.

"सायेब आजबी कांदा न्हाई खायचे," एक बाई म्हणाली.

"मावशी, परीक्षा जवळ आलीय. मग वर्गात बसायचंय," तो हसून म्हणाला. आणि मग त्याला मी दिसलो.

बाया उठून लांब जाऊन बसल्या.

"आबा."

"जय भीम."

"जय भीम, आबा. आईला कळलं?"

"तू हॉस्टेलवर नाहीस, एवढंच."

तो डब्याच्या फडक्याची गाठ बांधत, सोडत राहिला. मग बोलला.

"संक्रांतीला मी अचानक घरी आलो. आई नव्हती. पोरी म्हणल्या, पाण्याला गेली. मी हुडकत गेलो. माळाच्या पल्याडच्या मळ्यात, आबा. तिथं जनावरं पिऊन गेली की वस्तीतल्या बायांना उतरू देत्यात. ती खड्ड्यात बसली व्हती. वाटीनं पाणी काढत व्हती. वाटी भरायची, गाळायची, कॅनमंदी वतायची. लई येळ लागला. कॅन भरला आन् ती बोटं चाटली. स्वतः पेली न्हाई. म्या तसाच माघारी आलो. दुसऱ्या दिवशी त्यो कॅन हॉस्टेलवर आला. मला घोट गिळंना."

"म्हणून इथं?"

"इथं हजेरीवर असलं की माणशी येक कॅन घरी न्यायला मिळतो. पोरी पाणी पिऊन राहिल्यात ना आता? आई सावलीत बसती ना?"

मी मान हलवली. पोरी पीत होत्या, हे खरं होतं.

"सोमवारी वर्गात बसलास तर परीक्षा आहे. नाहीतर वर्ष गेलं."

"म्हाईत हाय. मल्लू येतो की सायकलवर. नोट्स देऊन जातो, कुणाला सांगणार न्हाई म्हणून त्येनंबी शपथ घेतलीय." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "तिथं हजेरी न्हाई लागली तर वर्ष जातं. इथं न्हाई लागली तर कॅन जातो. म्या येकटाच हाय, आबा."

मी उठलो आणि मुकादमाकडं गेलो. चांगला माणूस होता, त्यानं मला दगडावर टॉवेल टाकून बसवलं. म्हटलं, या पोराच्या जागी मला घ्या.

"पेन्शनवाल्याला घेता येत न्हाई, बाबा. आन् घेतलं तर उचलंल का हातोडी?"

त्याच्या आईला घ्या म्हटलं. तो तिला बहात्तरपासून ओळखत होता. "एका डोळ्याच्या बाईला खडीवर बसवू? दुसरा गेला तर कुणाला तोंड दाखवू?"

मग हिंगणवाडीला टँकरच वळवा म्हटलं. त्यानं हाताच्या तळव्यावर बोटानं रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला टँकर, एका बाजूला आम्ही. अर्ज गेलाय, म्हणाला. गेल्या सालीच गेलाय.

माझ्याकडं पेन्शन होती. पण विकत घ्यायला पाणीच नव्हतं.

सुट्टी संपली. धम्मपालनं बोटांच्या चिंध्या दातानं आवळल्या.

"आईला सांगू नका, आबा. म्हणावं, अभ्यासाला मल्लूच्या गावी गेलाय. कंधारला."

६

संध्याकाळच्या गाडीनं मी डबा मांडीवर आणि भरलेला कॅन पायाशी घेऊन आलो. सरजाबाई थांब्यावरच उभी होती.

"सापडला?"

"सापडला. खुशाल आहे. मित्राच्या गावी गेलाय, कंधारला. अभ्यासाला. डबा तिकडंच पोचता होतो."

तिनं डबा घेतला. झाकण काढलं. कांदा होता. तो उचलून तिनं मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट डब्याच्या आतल्या पन्हाळीतून, झाकण बसतं तिथून, हळूहळू फिरवलं. बोट माझ्यासमोर धरलं. टोकाला राखेच्या रंगाची भुकटी लागली होती.

"ही कंधारची माती व्हय, भाऊ?"

मी हातातला कॅन खाली ठेवला.

"बहात्तरला माझ्या डब्यात रोज हीच निघायची. किती बी घासा, कडंला र्‍हातीच. लई दिसांपासून निघून राहिलीय."

तेव्हा मला तिचे रिकामे हात आठवले. बाजाराला निघालेली बाई, आणि जवळ पिशवी नाही. त्या दिवशी मुरुडचा बाजारच नव्हता. डबा घेऊन ती शहानिशा करायलाच गेली होती.

"मग मला कशाला पाठवलंस?"

"म्हणलं, तुम्ही जमादार. दुसरंच कायतरी शोधून काढाल." तिनं बोट पदराला पुसलं. "त्येला सांगू नका मला कळलंय म्हणून. मला कळलं न्हाई, यावरच तग धरून बसला असंल त्यो."

मुकादम, हद्द, अर्ज, सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, पण नजर धाकट्या पोरीवर होती. पोर कॅनच्या तोंडाला तोंड लावून पीत होती.

सोमवारी मी बोरखेडला गेलो. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहिलो. पायाखाली आमच्या खडीचाच कोबा होता. सरांनी धम्मपालचं नाव घेतलं. थांबले. खिडकीतून मला मल्लिकार्जुन दिसत होता. तो 'हजर' म्हणायला अर्धा उठला होता. सरांनी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली बसला. सरांनी नाव पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्यानं, दाराकडं बघून. मग पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळी हिंगणवाडीच्या थांब्यावर गाडी आली. माणिकप्पानं डबा आणि कॅन उतरवला, माझ्याकडं न बघता दोरी ओढली. कॅन काठोकाठ भरलेला होता. सरजाबाईनं तिथंच, धुरळ्यात बसून डबा सोडला. आत पाहिलं. डबा पालथा करून तळव्यावर आपटला.

कांदा नव्हता.

"आज खाल्ला वाटतं," कोंडाबाई म्हणाली. "सुटला बाई त्यो कांदा!"

सरजाबाईनं डबा फडक्यात बांधला, कॅन डोक्यावर घेतला.

"उद्याच्याला दोन घालते," ती म्हणाली.